न पेटणारी भट्टी

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर खेपेस कोणी पाककृती देते, कोणी यात्रेचे वर्णन लिहिते, कोणी कविता करते. यंदा संपादिकाबाईंनी मलाच गळ घातली. मी सातवीपर्यंत शिकलेली. लग्नानंतर लेखणी हाती धरली ती वाण्याची यादी करायला आणि दुधाचा हिशेब मांडायला. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा कोणी करू नये. पण विस्तवाशी माझी ओळख जुनी आहे. माहेरी चूल होती, पुढे रॉकेलचा स्टोव्ह आला, सासरी गॅस. तिन्हींशी मी झगडले आहे. म्हणूनच एका परदेशी भट्टीने जेव्हा मला एका रात्रीत रडकुंडीला आणले, तेव्हा ती गोष्ट माझ्या मनातून जाईना. परत आल्यावर मुलाच्या मागे लागून लागून मी त्या भट्टीचा इतिहास समजून घेतला. इंग्रजी त्याने वाचायचे, आणि ‘म्हणजे काय?’ असे मी विचारायचे, असे आमचे बरेच महिने चालले होते. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडते.

२०१९ सालच्या जानेवारीत मी अमेरिकेत, शिकागो शहराजवळच्या एका गावी होते. धाकट्या बहिणीचे पहिले बाळंतपण. जायचे खरे आईने, पण तिचे गुडघे विमानाचा प्रवास सोसण्यासारखे राहिले नव्हते, म्हणून ते काम माझ्याकडे आले. अळीव, डिंक, बाळंतशेपा असे सगळे बांधून मी निघाले. बाळ अकरा दिवसांचे झाले आणि त्या प्रांतावर थंडीची मोठी लाट आली. आधी बर्फ पडून गेले होते, त्यावर वारा सुटला. ३० जानेवारीच्या पहाटे शिकागोला पारा शून्याखाली ३० अंशांच्याही खाली गेला. आपल्याकडे दहा अंश झाले की आपण शेकोटी पेटवतो. त्यावरून कल्पना करा.

त्या रात्री तीनच्या सुमारास मला जाग आली ती नाक गार पडल्यामुळे. जमिनीतल्या जाळीतून नेहमी ऊन हवा येई, ती बंद होती. बहीण बाळाला पोटाशी धरून बसलेली. मेहुणे तळघरात उतरले होते. मीही मागोमाग गेले.

आता ही भट्टी म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. तिकडे थंड प्रदेशातल्या घराला तळघर असते आणि तळघरात कपाटाएवढी एक लोखंडी पेटी. तिला फर्नेस म्हणतात. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना ती लगेच कळेल. बंबाच्या मधल्या नळकांड्यात निखारे असतात आणि भोवती पाणी. इथे पोकळ नळ्यांमध्ये गॅसचा जाळ असतो आणि भोवती हवा. मोठा पंखा ती तापलेली हवा पत्र्याच्या बोगद्यांतून खोल्याखोल्यांत पोहोचवतो आणि जळलेला धूर वेगळ्या वाटेने घराबाहेर जातो. धूर आणि हवा यांची गाठ पडू द्यायची नाही, हे त्यातले मुख्य.

तर ही पेटी काही पेटेना. आत एक लहान पंखा घुरघुरायला लागे, मिनिटभर चाले, जाळ काही दिसत नसे, मग सगळे गप्प होई आणि एक लाल दिवा मिचमिचू लागे. मेहुणे बटण बंद करत, चालू करत, पुन्हा तोच प्रकार. दुरुस्तीवाल्यांना फोन केला तर सकाळपर्यंत कोणी येऊ शकत नाही म्हणाले. त्यांचाही इलाज नव्हता. त्या रात्री साऱ्या मुलखाच्या भट्ट्यांच्या तक्रारी होत्या.

मी मेहुण्यांना म्हटले, “अहो, काडी ओढून लावा ना! स्टोव्ह नाही पेटला तर आपण काय करतो?” ते म्हणाले, “ताई, हिला काडी लावायला जागाच नाही.” ते मला पटले नाही. मी रागारागाने वर आले आणि स्वयंपाकघरातल्या गॅसच्या चारही शेगड्या मोठ्या करून दार लोटून घेतले, म्हणजे निदान तेवढी खोली तरी तापेल. बहिणीला म्हटले, बाळाला इथे घेऊन ये. भगिनींनो, हे मी अभिमानाने सांगत नाही.

समोरच्या घरात एक म्हातारे गृहस्थ एकटे राहत. रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले. बहिणीने त्यांना फोन केला. ते अंगावर दोन कोट चढवून, हातात बॅटरी घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी काय केले तर माझ्या चारही शेगड्या बंद केल्या आणि खिडकी बोटभर उघडली. मला तर संताप आला. मग त्यांनी हवेचा वास घेतला. गॅसचा वास आहे का, हे त्यांनी तिघांनाही विचारले. वास असता तर दिव्याच्या बटणालाही हात न लावता सगळ्यांनी बाहेर पडायचे आणि बाहेरूनच फोन करायचा, असे त्यांचे म्हणणे. वास नव्हता. तेव्हा ते खाली गेले, पेटीचे दार काढले आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला तक्ता बॅटरीच्या उजेडात वाचू लागले. लाल दिवा किती वेळा मिचमिचला तर काय, अशी त्यावर यादी होती. दिवा तीनदा मिचमिचत होता.

म्हातारेबुवा म्हणाले, “भट्टी बिघडलेली नाही. पेटायला नको, असे तिला कळले आहे.”

तिला काय कळले होते, ते पुढे सांगेन. आधी भट्टीला असे कळू लागले कधीपासून, ते पाहू.

म्हातारेबुवांच्या लहानपणी घरात कोळशाची भट्टी होती. रात्री झोपण्यापूर्वी त्यांची आई निखाऱ्यांवर राख आणि बारीक कोळसा ओढून ठेवी आणि पहाटे पाच वाजता सर्वांच्या आधी उठून ते निखारे फुलवी, मग राखेच्या बादल्या वाहून टाकी. हे ऐकताना मला माझी आजी आठवली. तीही रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाके. सकाळी विझलेला निघाला तर शेजारी गोवरी घेऊन विस्तव मागायला जावे लागे. अमेरिकेत १९४० साली घरांची गणती झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक घरे कोळशावरच ऊब घेत होती. श्रीमंत देश म्हणतो आपण, पण बायकांच्या कंबरा तिकडेही मोडतच होत्या.

कोळशाची भट्टी न पेटणे म्हणजे सरळ गोष्ट. हवा कमी पडली, राख साचली किंवा आळस झाला. बंबाची खालची झडप उघडली की निखारे फुलतात, लावली की मंदावतात, तसेच तिचे. ती झडप सारखी उघडायला-लावायला माणूस हवा. विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन नावाचे एक शिक्षक होते. वर्गात थंडी आहे की उकाडा, हे पाहायला शिपाई तासातासाला वर्गात शिरे आणि खाली जाऊन झडपा फिरवी. शिकवण्यात सारखा व्यत्यय. मास्तरांनी कंटाळून असे साधन बनवले, की वर्गातली उष्णता कमीजास्त झाली की खाली शिपायाजवळ घंटा वाजावी. त्याचे पेटंट त्यांना १८८३ साली मिळाले. दोन वर्षांनी मिनियापोलिसच्या आल्बर्ट बुट्झ यांनी पुढची पायरी गाठली. खोली गार झाली की विजेच्या जोरावर साखळी ओढली जाई आणि भट्टीची झडप आपोआप उघडे. भिंतीवरच्या ज्या थर्मोस्टॅटवर आपण हवी ती उष्णता नेमून ठेवतो, त्याचे मूळ या दोघांत आहे.

गॅसवर घर तापवण्याचे विचारही जुने आहेत. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या ॲलिस पार्कर नावाच्या बाईंनी १९१९ साली गॅसच्या भट्टीचे पेटंट मिळवले. वेगवेगळे बर्नर आणि प्रत्येकाची हवा वेगळ्या खोलीला, अशी त्यांची योजना होती. आपल्या स्मरणिकेत हे नाव यायलाच हवे असे मला वाटले. थंडीत ज्या खोलीत कोणी नाही ती कशाला तापवायची, हा विचार घर चालवणाऱ्या बाईलाच आधी सुचायचा!

पण गॅस आणायचा कोठून? जुन्या काळी शहरांतला गॅस कारखान्यात कोळसा भाजून काढत. आपल्या मुंबईतही १८६५ साली रस्त्यांवर त्याच गॅसचे दिवे लागले होते. पुढे टेक्सासकडे तेलाच्या विहिरींबरोबर जमिनीतला गॅस विपुल सापडला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या तेलाची जहाजे बुडवू लागल्या, तेव्हा टेक्सासपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत तेलासाठी दोन प्रचंड नळ घातले गेले, त्यातला मोठा २४ इंच व्यासाचा. युद्ध संपल्यावर १९४७ साली ते विकले आणि त्यांतून गॅस वाहू लागला. अशा नळांनी चित्र पालटले. १९७० च्या गणतीत निम्म्याहून अधिक अमेरिकन घरे नळाच्या गॅसवर तापत होती. म्हातारेबुवांच्या आईचे पाचला उठणे संपले.

मात्र विस्तव राखेखाली झाकून ठेवायची रीत गेली नाही, तिने रूप बदलले. गॅसच्या भट्टीत एक करंगळीएवढी ज्योत अहोरात्र तेवत ठेवत. तिला पायलट म्हणत. खोली गार झाली की मुख्य गॅस सुटे आणि या ज्योतीवर पेट घेई. नंदादीपच म्हणा. आता नंदादीप वाऱ्याने विझला तर फार तर मन चुकचुकते. इथे ज्योत विझली आणि गॅस सुटत राहिला तर घर उडायचे!

यावरचा उपाय ज्या शोधातून निघाला तो घरासाठी लागलेलाच नव्हता. जर्मन शास्त्रज्ञ थॉमस सीबेक यांनी १८२१ साली पाहिले, की दोन निराळ्या धातूंचे तुकडे जोडून एक सांधा तापवला तर जवळची होकायंत्राची सुई हलते. म्हणजे नुसत्या उष्णतेने वीज वाहते. शंभरेक वर्षांनी हे ज्ञान भट्टीत आले. पायलटच्या ज्योतीत धातूचे एक बोट धरून ठेवायचे. ज्योत असेपर्यंत त्यात वीज निघते, अगदीच थोडी, बॅटरीच्या एका सेलच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी. पण तेवढ्यावर एक लहान लोहचुंबक गॅसचे दार उघडे धरून ठेवतो. ज्योत विझली की बोट गार होते, चुंबक सुटतो, दार आपसूक लागते. ना घंटा, ना शिपाई.

म्हणून त्या काळच्या भट्टीवर पत्र्याची पट्टी असे: ज्योत विझली असल्यास गॅस बंद करून पाच मिनिटे थांबा, मगच काडी लावा, आणि लावल्यावर कळ मिनिटभर दाबून धरा. पाच मिनिटे साचलेला गॅस निघून जाण्यासाठी, आणि मिनिटभर ते बोट तापण्यासाठी. पुष्कळ लोक कळ लवकर सोडत आणि भट्टी पेटत नाही म्हणून ओरडत. कधी ते बोट जळून झिजलेले असे, कधी ज्योतीच्या बारीक भोकात कचरा अडके. आपल्या स्टोव्हला पिन मारावी लागे, त्यातलाच प्रकार.

पण विझलेल्या ज्योतीचा बंदोबस्त झाला तरी गळणाऱ्या गॅसचा झाला नव्हता. कोळशापासून काढलेल्या गॅसला स्वतःचा उग्र दर्प असे. जमिनीतून येणाऱ्या गॅसला बहुधा वासच नसतो. याची किंमत टेक्सासमधल्या न्यू लंडन या गावाने मोजली. तेलाच्या पैशाने संपन्न झालेले गाव, मुलांसाठी बांधलेली मोठी शाळा. १९३७ सालच्या सुरुवातीला शाळेच्या कारभाऱ्यांनी गॅसचा खर्च वाचवण्यासाठी विकतचा गॅस सोडला आणि तेलाच्या विहिरींवरून जाणाऱ्या नळातला फुकटचा गॅस जोडून घेतला. तेथे तसे पुष्कळ जण करत. तो गॅस कोठेतरी गळून इमारतीखालच्या पोकळीत साचत राहिला. मुले डोके दुखते म्हणत. त्याचा अर्थ कोणाला कळला नाही. १८ मार्चला दुपारी तीन वाजून गेल्यावर कारखान्याच्या वर्गात एका शिक्षकाने लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र सुरू केले, त्याची ठिणगी उडाली आणि इमारत उचलली जाऊन कोसळली. सुमारे ३०० जण गेले, बहुतेक मुलेच. त्या वेळी शेजारच्या व्यायामशाळेत पालकांची सभा भरली होती. मुलांच्या आया तेथे होत्या. हे मुलाने वाचून दाखवले त्या दिवशी मी त्याला पुढे वाचू दिले नाही.

त्यानंतर काही आठवड्यांतच टेक्सासने कायदा केला, की गॅसला वास लावल्याशिवाय तो विकायचा नाही. पुढे सगळीकडे तेच झाले. कुजलेल्या कोबीसारखा जो वास आपल्या सिलिंडरला येतो, तो गॅसचा नव्हे. तो मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टन जातीच्या द्रव्याचा. आपल्या सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो म्हणून तो जमिनीलगत साचतो, आणि तिकडचा नळाचा गॅस हलका म्हणून वर चढतो. पण वास दोन्हींना दिलेला आहे. दर वेळी नाक मुरडताना आता मला ती शाळा आठवते.

तेवत्या ज्योतीचे दिवस १९७३ नंतर भरले. त्या वर्षी अरब देशांनी तेल अडवले, इंधन महागले आणि लोकांच्या ध्यानात आले, की ही ज्योत भर उन्हाळ्यातसुद्धा गॅस खात बसते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी त्या दशकातच नव्या भट्ट्यांतून ती काढायला लावली. १९९२ पासून साऱ्या देशात नियम आला, की नव्या भट्टीने जाळलेल्या गॅसच्या उष्णतेपैकी निदान ७८ टक्के घराला मिळाली पाहिजे. तेव्हा ज्योत गेली आणि तिच्या जागी लागेल तेव्हाच पेटवणारी साधने आली.

काही भट्ट्यांत ठिणगी असते. ठिणगी म्हटली की आपला स्वयंपाकघरातला लायटर आठवतो. त्यात ना सेल, ना गारगोटी. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निघते, हे पिअर क्यूरी आणि त्यांचे भाऊ झाक यांनी १८८० साली दाखवले. आपण कट्कन दाबतो तेव्हा आतला हातोडा स्फटिकावर पडतो. पण बहिणीच्या भट्टीत ठिणगी नव्हती. तिथे एक दगडासारखी पट्टी विजेने तापून नारिंगी लाल होते आणि तिच्यावर गॅस पेटतो. अशा पट्ट्या प्रथम सिलिकॉन कार्बाइडच्या करत. म्हणजे कार्बोरंडम, दारावर येणाऱ्या धार लावणाऱ्याच्या चाकात असते तेच. ही पट्टी फार नाजूक. हाताचे तेल लागले तरी तेथे तडकते, म्हणून बदलताना बोट लावत नाहीत. ती तडकली की भट्टी पेटत नाही. थंडीतले हे नेहमीचे दुखणे.

आणि पेटली हे भट्टीला कळते कसे? इथे मला मोठे नवल वाटले. जाळातून वीज वाहू शकते! जाळात एक बारीक सळई असते. तिच्यातून जाळामार्फत एक अँपिअरच्या लाखाव्या हिश्श्याहूनही कमी वीज वाहते. ती वाहिली तर जाळ आहे, नाही तर नाही. काही सेकंदांत वीज आली नाही की गॅस बंद. या सळईवर पांढरट पुट चढते, मग जाळ असूनही तिला तो कळत नाही. भट्टी पेटते, चार-पाच सेकंद जळते आणि विझते, असे झाले तर पुष्कळदा याचेच. जाणकार माणूस वीज आणि गॅस दोन्ही बंद करून ती काढतो, बारीक तारेच्या घासणीने पुसतो आणि परत बसवतो. आपल्या निरांजनाची वात कोजळली की आपण साफ करतो, तेवढे काम. त्यासाठी काही जण शेकडो डॉलर मोजतात म्हणे.

बहिणीची भट्टी मात्र तेथवर पोहोचलीच नव्हती. पट्टी लालच होत नव्हती. त्याच्याही आधीची एक चौकी आहे. जुन्या भट्टीचा धूर खूप तापलेला असे, तो आपल्या जोराने धुराड्यातून वर जाई. नव्या काटकसरी भट्ट्या धुरातली उष्णता इतकी पिळून घेतात, की उरलेला धूर गार पडतो आणि त्यातल्या वाफेचे पाणी होते. तो वर चढत नाही. त्याला पंख्याने ढकलून भिंतीतल्या प्लास्टिकच्या नळीने बाहेर काढावे लागते. मी ऐकलेली घुरघुर या पंख्याची. त्याच्याजवळ एक बशीएवढा डबा असतो, आत रबराचा पडदा. पंख्याच्या ओढीने पडदा खेचला गेला तर धुराची वाट मोकळी आहे असे ठरते आणि पुढचे काम सुरू होते. पडदा हलला नाही तर पट्टी तापत नाही, गॅस सुटत नाही. तीनदा मिचमिचणाऱ्या दिव्याचा अर्थ तोच होता.

म्हातारेबुवांनी मेहुण्यांना विचारले, “नळ्या कोठे निघतात?” घराच्या बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून हातभर उंचीवर. दोघे बाहेर गेले. मी खिडकीतून बॅटरीचा उजेड तेवढा पाहत होते. भिंतीशी बर्फाचा ढीग लागला होता, कमरेएवढा. वाऱ्याने काही आणला होता. पण बराचसा आमच्या मेहुण्यांनीच दोन दिवसांपूर्वी मोटारीची वाट मोकळी करताना फावड्याने तेथे टाकला होता. नळ्या त्याखाली गाडल्या गेल्या होत्या. ढीग उपसला, नळीच्या तोंडाशी गोठलेले बर्फ हातमोज्याने मोडून काढले. वीस मिनिटे लागली. मेहुण्यांच्या भुवयांवर दहिवर गोठले होते.

खाली येऊन बटण चालू केले. घुरघुर. मग काचेच्या लहानशा भोकातून नारिंगी उजेड दिसला, मग फस्सकन आवाज होऊन निळा जाळ. पहाटेचे पाच वाजून गेले होते. जमिनीतल्या जाळीतून ऊन हवा आली तेव्हा बहीण बाळाला घेऊन जाळीपाशी जमिनीवरच बसली. मी चहा ठेवला. एकाच शेगडीवर.

त्या वेळी म्हातारेबुवांनी माझ्या चार शेगड्यांबद्दल सांगितले. बंद खोलीत जाळ खूप वेळ ठेवला की हवेतला प्राणवायू कमी होतो आणि जाळ नीट जळेनासा होऊन कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आपले रक्त त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने धरते. माणसाचे डोके दुखते, गुंगी येते, झोप लागते. अकरा दिवसांचे मूल तर काही सांगूच शकत नाही. भट्टी त्या ढिगाऱ्यासकट पेटली असती तर तोच वायू घरात आला असता. इलिनॉय राज्यात २००७ पासून घरात निजण्याच्या जागेजवळ या वायूचा इशारा देणारे यंत्र लावणे सक्तीचे आहे. बहिणीच्या घरी ते होते. मी स्वयंपाकघराचे दार लोटून घेतले होते ना, म्हणून ते गप्प होते.

परत आल्यावर माझे लक्ष पहिल्यांदा गेले ते आमच्या न्हाणीघरातल्या गॅस गीझरवर. तीच गोष्ट लहान रूपात. पाण्याच्या दाबाने आतला पडदा हलतो, सेलवर ठिणगी पडते, सळईला जाळ कळला नाही तर गॅस बंद होतो. सेल उतरले किंवा पाण्याचा जोर कमी असला की तो पेटत नाही, आणि आपण नळ उघड-बंद करत चडफडतो. पण धुराची चौकी त्याला नाही. असे पुष्कळ लहान गीझर धूर तिथल्या तिथेच सोडतात, आणि आपण थंडीत खिडकी लावून, दाराला कडी घालून आंघोळ करतो. हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रात येतात, त्या मी पूर्वी नुसत्या वाचत होते. आमचा गीझर मी बाहेरच्या पडवीत बसवून घेतला. पाइप लांबवावा लागला म्हणून प्लंबरने कटकट केली, घरातल्या मंडळींनी पाणी गार येते म्हणून कटकट केली. दोघांचीही ऐकून घेतली.

बहिणीचे बाळ आता शाळेत जाते. मेहुणे दर वर्षी पहिला बर्फ पडण्यापूर्वी त्या दोन नळ्यांपाशी एक उंच काठी रोवतात आणि तिला माझ्या जुन्या पातळाची लाल पट्टी बांधतात. फावडे घेऊन कोणीही आले तरी त्या बाजूला बर्फ टाकायचे नाही, एवढे त्यावरून कळते.